लहरींची टंचाई आणि बोलण्याचा परवाना

श्रोतेहो,

वृत्तपत्र काढायला परवाना लागत नाही आणि रेडिओ केंद्र चालवायला लागतो, हा फरक अमेरिकेत एका तांत्रिक अडचणीतून जन्माला आला. १९२६ साली लहरींच्या वाटपावरचे कायदेशीर नियंत्रण ढासळले, जो तो हवी ती लहर वापरू लागला आणि एकाच लहरीवर दोन केंद्रे बोलू लागल्यावर श्रोत्याला दोघांचेही धड ऐकू येईना. त्यावर उपाय म्हणून १९२७ चा रेडिओ कायदा आणि पुढे १९३४ चा दळणवळण कायदा आला. लहरी थोड्या आणि मागणारे फार, म्हणून सरकारने त्या वाटून द्याव्यात आणि ज्याला लहर मिळाली त्याने ती जनतेच्या हितासाठी वापरावी, असा त्यामागचा विचार होता. तो मला आजही योग्य वाटतो. मात्र लहरी वाटण्याचा अधिकार हळूहळू त्या लहरींवर काय बोलले जाते हे तपासण्याचा अधिकार कसा झाला, याची मला चिंता वाटते.

१९४९ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने परवानाधारकांवर दोन कर्तव्ये घातली. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ द्यायचा आणि त्यांवरील विरोधी मतांनाही वाजवी संधी द्यायची. ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणून ओळखला जाणारा हा नियम कागदावर इतका समंजस दिसतो की त्याला विरोध करणाराच हेकट ठरावा.

या नियमाची कसोटी पेनसिल्व्हेनियातील रेड लायन या गावच्या एका छोट्या केंद्रामुळे लागली. १९६४ साली बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकाने त्या केंद्रावरील पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात पत्रकार फ्रेड कुक यांच्यावर वैयक्तिक टीका केली. कुक यांनी त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यावर टीकात्मक पुस्तक लिहिले होते. कुक यांनी उत्तरासाठी विनामूल्य वेळ मागितला, केंद्राने तो नाकारला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने एकमताने आयोगाची बाजू उचलून धरली. लहरी मर्यादित असल्यामुळे प्रक्षेपण करणाऱ्याच्या हक्कापेक्षा श्रोत्यांचा हक्क श्रेष्ठ आहे, असे त्या निकालाचे सूत्र होते. पण पाचच वर्षांनी फ्लोरिडा राज्याचा वृत्तपत्रांसाठीचा तसाच कायदा त्याच न्यायालयाने, पुन्हा एकमताने, रद्द केला. अनेक शहरांत तोवर एकच दैनिक उरले होते, म्हणजे टंचाई तिथेही होती. तरीही काय छापायचे हे सरकारने संपादकाला सांगू नये, हे तत्त्व तिथे मोठे ठरले.

आता या समंजस नियमाचा उपयोग कसा झाला तेही पाहा. केनेडी यांच्या काळात वाणिज्य खात्यात काम केलेल्या बिल रूडर यांनी पुढे कबूल केले की, उजव्या विचारांच्या रेडिओ केंद्रांना तक्रारींनी बेजार करायचे आणि तो खर्च न परवडून ती गप्प होतील अशी आशा धरायची, हे त्यांच्या गोटाचे ठरवलेले धोरण होते. बोलण्यावर थेट बंदी घालावी लागली नाही. वकिलाचे बिल पुरेसे होते. छोटे केंद्र अशा वेळी विरोधी मताला जागा देण्याऐवजी तो विषयच टाळते, आणि समतोलासाठी केलेल्या नियमातून शांतता पदरी पडते. १९८७ साली आयोगाने हा नियम सोडून दिला. त्यानंतर अमेरिकेच्या रेडिओवर एकतर्फी आणि कर्कश राजकीय कार्यक्रम वाढले, ही टीका खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. तरीही, कर्कश वक्त्याला दुसरा वक्ता उत्तर देऊ शकतो. परवाना जाण्याच्या भीतीने न उच्चारलेल्या वाक्याला कोण उत्तर देणार?

इंटरनेटवर तर टंचाईचे कारणच उरत नाही. १९९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टपणे मान्य केले. २००६ साली तिथल्या निवडणूक आयोगाने प्रचारखर्चाचे नियम इंटरनेटला लावताना इतरांच्या संकेतस्थळावर पैसे देऊन केलेली जाहिरात तेवढी नियमाखाली घेतली आणि सामान्य नागरिकाचे विनामोबदला लेखन बाहेर ठेवले. ही रेषा मला पटते. पैसा कोणी दिला हे मतदाराला कळले पाहिजे. मत काय मांडले याची चौकशी करण्याचे सरकारला कारण नाही.

आपल्याकडे ही रेषा अनेकदा पुसली गेली आहे. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील एका टिप्पणीबद्दल एका तरुणीला आणि ती केवळ पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ ‘त्रासदायक’ अशा कोणत्याही मोजमापात न बसणाऱ्या शब्दावर उभे होते, आणि ते रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडावे लागले. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी आहे का हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवण्याची तरतूद रद्द केली. ज्याच्या कारभारावर टीका आहे त्यानेच तिच्या खरेपणाचा निवाडा करावा, ही कल्पना मुळात सुचलीच कशी, याचे मला वाईट वाटते.

रेडिओबाबत तर आपण अधिकच मागे आहोत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेकडे असावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे सरकारची मक्तेदारी नव्हे, हा त्या निकालाचा गाभा आहे. तरीही २०११ च्या धोरणाने खासगी एफएम केंद्रांना फक्त आकाशवाणीची बातमीपत्रे, तीही जशीच्या तशी, ऐकवण्याची मुभा दिली. ज्या कंपनीला दूरचित्रवाणीवर दिवसभर बातम्या दाखवता येतात, तिच्याच रेडिओ केंद्राला आपल्या शहराच्या महापालिकेत झालेल्या वादळी चर्चेचे स्वतंत्र बातमीपत्र देता येऊ नये, याचे समर्थन लहरींच्या टंचाईने होत नाही, आणि दुसरे कोणतेही पटण्याजोगे कारण मला आजवर ऐकायला मिळालेले नाही.