कुरटे बेटाभोवतीचे पोवळे

मालवणच्या धक्क्यावरून सुटलेली होडी काही मिनिटांत कुरटे बेटाला लागते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली ती याच बेटावर. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे, आणि बहुतेक प्रवासी हेच नवल पाहून परततात. दुसरे नवल तटाबाहेर, पाण्याखाली आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तेथील खडक उघडे पडतात. एखाद्या खळग्यात वाकून पाहिले, की मेंदूसारख्या वळ्यांचा तपकिरी गोळा दिसतो. हा दगड नव्हे. ही असंख्य प्रवाळजीवांची जिवंत वसाहत आहे. त्यांच्या अंगात वस्तीला असलेले सूक्ष्म शैवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा त्यांना देते. हा तपकिरी रंगही त्याचाच. मात्र समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या तापमानापेक्षा एखाद्या अंशानेच अधिक, पण सलग काही आठवडे तापलेले राहिले, तर प्रवाळ हे शैवाळ बाहेर टाकते आणि पांढरेफटक पडते. पाणी वेळेत निवले तर ते सावरू शकते. न निवले तर उपासमारीने मरते. लक्षद्वीपच्या बेटांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हे भोगले आहे.

अरबी समुद्राचे तापणे मालवणात बसून थांबवता येणार नाही. परंतु होडीचा नांगर कोठे पडावा, हे मालवणातच ठरते. वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारा गोळा ओढल्या गेलेल्या नांगराने क्षणात फुटतो, आणि उष्णतेने आधीच दमलेल्या प्रवाळाला ती जखम भरून काढण्याचे बळ उरत नाही.

१९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, तेव्हा मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पोटापाण्याची जागा जाईल, ही त्यांची भीती आम्हाला रास्त वाटते. कारण कोणत्या खडकाआड कोणती मासळी असते, हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वगळून आखलेली सीमा पाण्यावर टिकत नाही. वाळूच्या तळाला जखडलेला, पाण्यावर तरंगणारा कायमचा बोया बसवला, तर होडी त्याला बांधता येते आणि नांगर टाकावाच लागत नाही. तो बोया नेमका कोठे हवा, हे पहिल्यांदा रापणकारांनाच, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनाच, विचारायला हवे.