सुट्टे आहेत का?

नमस्कार श्रोतेहो.

पूर आला की आपल्याकडची माणसं धावतात, हे मी वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा चिकोडी-निपाणी भागात घराघरांतून भाकऱ्या गेल्या. त्याचे फोटोही निघाले, आणि निघायलाच हवे होते. आज मात्र बोलायचंय ते अगदी बारीक मदतीबद्दल. फोटो निघणार नाही इतकी बारीक. आणि खरं सांगू का, मला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकीचं तिच्या निमित्तानं.

बेळगावहून खानापूरला जाणारी कर्नाटकची लाल गाडी. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा रस्ता, गाडी गच्च. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी, हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड भागातल्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शेजारी रिकामी बुट्टी घेतलेली एक बाई, मिरच्या विकून परतणारी, बोलणं सगळं कन्नड.

कंडक्टर आला. आजींनी ऐटीत आधार कार्ड पुढं केलं. त्यांचं काय चुकलं? गावाकडच्या एसटीत 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट नाही. इकडं कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही. म्हणजे दोन्हीकडं फुकट! पण कंडक्टरनं कार्ड उलटसुलट पाहिलं नि म्हणाला, "आजी, हे महाराष्ट्राचं. तिकीट काढायला लागतंय." एसटीची सवलत हद्दीच्या पलीकडं, शक्तीची सवलत इथल्याच बायकांना. दोन्हीकडं फुकट, आणि आजींना तेवढं तिकीट.

आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत पाचशेची एकच नोट, चौघडी केलेली. कंडक्टरकडं सुट्टे नाहीत. निम्म्याहून जास्त गाडी बायकांची, पैसे कोण देणार, सुट्टे येणार कुठून? तो काही वाईट माणूस नव्हता. "बघा कुणाकडं मिळतात का," म्हणून पुढं गेला. पण आजींचा चेहरा उतरला. पिशवी उचलली, "वाटेत पिरनवाडीलाच उतरते मी," म्हणाल्या.

मी खिशात हात घालीपर्यंत बुट्टीवाल्या बाईनं कंडक्टरला हाक मारली आणि कमरेच्या पिशवीतून दहाची नाणी मोजली. (दहाचं नाणं चालत नाही म्हणणारे दुकानदार ऐकत असतील तर त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँकेनं 2018 सालीच सांगितलंय, तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी चालतात. मी तर नाणं नाकारलं की सामान तिथंच ठेवून बाहेर पडतो. असो.)

आजी ऐकेनात. "मी कुणाचं फुकट घेत नाही." बाई हसली. "इरली बिड्री अज्जी," म्हणाली, म्हणजे असू द्या हो आजी, आणि मग मोडक्या मराठीत, "माझं तिकीट सरकारनं सोडलं. ते पैसे माझ्याकडंच हाईत की. तुमचं काढलं."

काय बोलणार यावर? आजींनी पिशवीतून मूठभर काजू काढले, बाईच्या पदरात घातले. मच्छे आलं, बाई बुट्टी डोक्यावर घेऊन उतरली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

खानापूरला उतरताना मी आजींची पिशवी धरली, तेव्हा कळलं. मालक गेल्यापासून त्या एकट्या कुठं बाहेर पडल्या नव्हत्या. लेक बाळंत झालेली, तिला बघायला हट्टानं निघाल्या होत्या. मुलगा म्हणाला होता, "आई, तुला जमायचं नाही, अर्ध्या वाटेतनं परत येशील." मला म्हणाल्या, "पिरनवाडीला उतरले असते तर त्याचंच खरं झालं असतं बघा. परत कोण सोडतंय मला?"

म्हणजे प्रश्न तिकिटाचा नव्हताच, श्रोतेहो. बाईंनी काढून दिलं तिकीट. आजींना मिळाली ती पुढची सगळी येजा. आणि हे त्या बाईंना ठाऊक नाही, कधी कळायचंही नाही. आपण केलेलं कुणाला किती पुरलं, हे करणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाहीच.

ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांना एक विनंती. आपल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना गाडीची पाटी वाचता येत नाही. ती विचारत नाहीत, नुसती प्रत्येक गाडीजवळ जाऊन उभी राहतात. ती विचारण्याची वाट बघू नका. "कुठं जायचंय आजी?" एवढं आपणच विचारा, आणि गाडी दाखवा. खानापूरची असेल तर चढण्याआधी सुट्टे आहेत का, तेही विचारून घ्या.

नमस्कार.