बाहुलीच्या गालावरची पेनाची रेघ काढायची कशी?

(टेबलावर बाहुली. गालावर निळी रेघ, केसांचा पार गुंता.)

सगळ्यात आधी, हिला बादलीत बुडवू नका. आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली असेल तर मुळीच नको. डोळ्यांच्या मागे तार आणि धातूचं वजन असतं. केसांच्या भोकांतून पाणी आत गेलं की तार गंजते, आणि मग बाहुली कायमची अर्धवट जागी.

आता गाल दाबून बघा. आत जातोय? म्हणजे मऊ पीव्हीसी, ज्याला आपण व्हिनाइल म्हणतो. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ मिसळतात. वर्षं गेली की तो बाहेर पाझरतो, म्हणून पाय चिकट लागतात. आणि या मऊपणामुळेच शाई वर न राहता आत मुरते. साबणाने ती हलत नाही ती यामुळे.

नेलपेंट रिमूव्हरला हात लावू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने व्हिनाइल फुगतं, चट्टा पडतो, ओठांचा रंगही निघून येतो.

मेडिकलमध्ये मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल मिळतं. ५ टक्क्यांचं घ्या.

(क्लोज-अप: गाल.)

आधी मानेमागे ठिपकाभर लावून एक दिवस थांबा, कारण ते प्लास्टिकचा रंगही उडवतं. भुवया आणि ओठांवर व्हॅसलीन फासा. मग कापसाच्या काडीने फक्त रेघेवर जाडसर थर द्या, वर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ, पारदर्शक प्लास्टिक) चिकटवा. जेल वाळलं की काम थांबतं, म्हणून फिल्म. सकाळच्या उन्हात ३-४ तास ठेवा, पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. बॉलपेनची रेघ फिकी व्हायला आठवडा सहज लागतो, जुनी असेल तर दोन. काळ्या जेलपेनच्या शाईत बऱ्याचदा कार्बन असतो, तिथे हा उपाय चालत नाही. आणि हो, हे जेल ओढणीला लागलं तर ओढणीचाही रंग जातो.

केस. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर फॅब्रिक कंडिशनर. डोकं उलटं धरा, केस तेवढे बुडवा, भोकांची रांग पाण्याच्या वर राहू द्या. विंचरायला सुरुवात शेंड्यांपासून, रुंद दातांच्या कंगव्याने, आणि मुळं दुसऱ्या हाताच्या चिमटीत घट्ट. मुळाकडून ओढलंत तर गुच्छच्या गुच्छ उपटून येतो. उकळतं पाणी टाळा. काही कृत्रिम केस त्याने सरळ होतात, काही कुरळून जळल्यासारखे होतात, आणि बघून ते ओळखता येत नाही. मानेजवळची एक बट आधी बुडवून बघा.

गुच्छ गेलाच असेल तर डोकं काढून नवे केस ओवावे लागतात. हेअर ड्रायरने मान दोन मिनिटं गरम करा, डोकं हळूहळू डावीउजवीकडे फिरवत बाहेर घ्या. थंड असताना ओढलं तर मानेची कड फाटते, आणि ती नीट चिकटत नाही.

चिकट पाय भांड्यांच्या लिक्विडने धुवा, कोरडे करा, कॉर्नफ्लॉवर चोळून झटका. चिकटपणा काही महिन्यांनी परत येईल, तेव्हा पुन्हा हेच. ठेवताना सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत पाझरलेलं तेल तिथेच साचतं. आणि शेजारी डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक आणखी बिघडतं.