सातबारावर अजून आजोबाच आहेत

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं. मे महिना आहे, आंबा काढायला सगळे चाकरमानी गावात आहेत म्हणून मुद्दाम हीच तारीख धरली, गणपतीत बोलायला गेलो असतो तर आरत्यांच्या गडबडीत माझं कोण ऐकणार.

मगाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, वारसा कर वाचवायचा तर बाग आत्ताच मुलीला बक्षीसपत्राने देऊन टाकू का? काका, अहो तो कर आपल्याकडे नाहीच. होता एकेकाळी, 1953 सालच्या कायद्याने इस्टेट ड्युटी आली, वरचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला, पण मिळकत थोडी आणि कज्जे फार अशी गत झाली आणि 16 मार्च 1985 पासून तो बंद. 2024 च्या निवडणुकीत पुन्हा गाजला तेव्हापासून व्हॉट्सअपवर फिरतोय एवढंच. आज बाप गेला म्हणून सरकारला कर द्यावा लागत नाही.

मग आपण कुठे बुडतो? सातबारावर. माझ्याच घरचं सांगतो. आजोबा 1978 ला गेले, वडील म्हणाले घरातलंच आहे, कुठे पळतंय, आणि वारस नोंद राहिली ती राहिलीच. मी उतारा काढून वारस मोजायला बसलो तर आत्यांची मुलं, चुलतभावांच्या सुना धरून 27 माणसं, त्यातल्या चौघांना मी आयुष्यात बघितलेलं नाही, आणि कलमांवर कर्ज काढायला बँकेत गेलो तर सगळ्यांची संमती आणा म्हणे! एक आत्तेभाऊ बडोद्याला, सहीसाठी दोन गणपती वाट बघितली. आणि आत्या सही करेल असं आधीच धरून चालू नका हां, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. तिने आपणहून सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, तेही भावाच्या नावे मोबदला न घेता असेल तर मुद्रांक 500 रुपये, 2024 पर्यंत 200 होता.

माणूस गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडात तलाठीच). मृत्यूचा दाखला, वारसांची यादी द्या, फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद धरा. घर घरपट्टीला माझ्या नावावर आहे म्हणून माझं, असं इथे निम्मी वाडी समजते. असेसमेंटचा उतारा हा कर भरल्याचा कागद आहे हो, मालकीचा नाही. बँकेतल्या नॉमिनीचंही तेच, पैसे त्याच्या हातात पडतात पण हक्क वारसांचा राहतो.

आता मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करा, दोन साक्षीदार हवेत आणि ते तुमच्यापेक्षा तरुण घ्या, नाहीतर वेळ येईल तेव्हा तेच नसतात. कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं. फक्त वडिलोपार्जित जमिनीत तुमच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, भावाचा भाग तुम्ही कसा देणार.

बक्षीसपत्र मात्र स्वस्त आहे म्हणून लोक धावतात. मुलगा, मुलगी, बायको, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन दिली तर मुद्रांक 200 रुपये, वर स्थानिक अधिभार लागतो का ते दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या. पण एकदा दिलं की गेलं! निदान सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या, म्हणजे मुलाने विचारलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांतांकडे दाद मागता येते. अट नसेल तर ते प्रकरण फार अवघड जातं.

कर येतो तो विकताना, झालेल्या नफ्यावर. गावातली शेतजमीन असेल तर बहुधा तोही नाही, पण नगरपालिकेजवळची असेल तर अंतर मोजा, लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत कर लागतो, म्हणजे रत्नागिरीजवळ बाग असणाऱ्यांनी जरा बघावं. एनए म्हणजे बिनशेती प्लॉटला लागतोच. आजोबांनी दोनशे रुपयांना घेतली असली तरी नफा मोजताना खरेदीची म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, ते मूल्यांकन आधीच करून ठेवा, गिऱ्हाईक दारात उभं असताना नको.

आता काका, तुमचं. तुमची मुलगी लंडनला ना? तिकडे वारसा कर आहे, 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के, पण तो गेलेल्या माणसाच्या इस्टेटीवर, आणि तुम्ही तर कायम इथलेच, तेव्हा तुमच्या बागेसाठी तिला तिकडे तो कर पडत नाही. मात्र ती अनिवासी आहे, आणि परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी माणसाला शेतजमीन बक्षीस घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते. म्हणजे तुम्ही मगाशी जे करायला निघाला होतात ते करूच नका, मृत्युपत्र करा, आणि उद्या सकाळी येताना सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, दोन्ही घेऊन या, बघू त्यावर अजून कोणाकोणाची नावं आहेत ती.