फ्रेममध्ये पाय घ्या

नमस्कार मंडळी. माईक राहू दे, एका वेळी चार कोर्टांवर ओरडायची तीस वर्षांची सवय आहे. विषय ठरलाय 'टेनिसच्या सर्व्हिसमध्ये पायांचं काम'. पाऊण तास दिला होता, त्यातली बारा मिनिटं सत्कारात गेली. शाल मिळाली, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

सुरुवात तुमच्या मोबाइलपासून करतो. आठवड्याला पाच-सहा पालक मला व्हिडिओ पाठवतात. 'सर, सर्व्हिस बघा, खांदा कुठे चुकतोय?' मी उघडतो तर मुलगा कमरेपासून वर. रॅकेट दिसते, खांदा दिसतो, मागच्या झाडावरचा कावळा दिसतो, पण पाय नाहीत. एका वडिलांना मी वैतागून लिहिलं, 'मुलाचे पाय पाठवा.' त्यांनी बुटांचा फोटो पाठवला! हसू नका, तो फोटो व्हिडिओपेक्षा कामाचा निघाला. उजव्या बुटाचा चवडा पुढून पार घासलेला, डावा ठणठणीत. मी विचारलं, चेंडू वर टाकल्यावर मुलगा मागचा पाय ओढत पुढच्या पायाशी आणतो का? त्यांना वाटलं मी पत्रिकाच बघितली.

ही विद्या मी कुठे शिकलो ते सांगतो. थोडं लांबेल.

तरुणपणी एका जिल्हा स्पर्धेत खेळत होतो. मातीचं कोर्ट, चुन्याच्या रेषा. पहिल्या सेटमध्ये पंचांनी माझे तीन फूटफॉल्ट दिले. आता हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी पाळत नाही. सर्व्हिसची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू मारेपर्यंत कुठलाही पाय बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, टेकता कामा नये. पाय रेषेवर हवेत असेल तर चालतो, टेकलेला चालत नाही. मी पुढच्या वेळी डाव्या पायाकडे डोळे लावून सर्व्हिस केली. पाय जागचा हलला नाही, तरी फूटफॉल्ट. पुन्हा केली, पुन्हा फूटफॉल्ट. मी भांडलो. 2009 च्या यूएस ओपनच्या उपांत्य सामन्यात सेरेना विल्यम्स भांडली ना, तसा, फक्त इंग्रजीत नाही. किम क्लायस्टर्सविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये 5-6, 15-30, दुसरी सर्व्हिस, आणि लाइनवालीने फूटफॉल्ट दिला. दुसऱ्या सर्व्हिसचा फूटफॉल्ट म्हणजे गुण गेला, मॅच पॉइंट झाला, आता एक गुण गेला की सामना गेला; त्यात वादावादी झाली, एक गुण दंड झाला आणि सामनाच संपला. माझा सामनाही संपला, पण कोणी बातमी छापली नाही. त्या पंचांशी मी दोन वर्षं बोललो नाही. लग्नात समोरासमोर आले तर जिलबीच्या रांगेतून बाहेर पडायचो.

मग एका सकाळी आमच्या क्लबच्या मार्करमामांनी, म्हणजे सभासदांना सराव देणाऱ्या मामांनी, ताजा, ओला चुना मारला होता. त्यांच्याशीच खेळत होतो. दोन गेम झाल्यावर मामा नेटपाशी आले, म्हणाले, 'दादा, बूट बघा.' मी डावा बूट बघितला, स्वच्छ. विजयी मुद्रेने मामांना दाखवला. मामा म्हणाले, 'तो नव्हे, उजवा.' उजव्या चवड्यावर पांढरा ठसा! म्हणजे डावा पाय हलत नव्हता हे माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मागून ओढत आणलेला उजवा पाय डाव्याच्या शेजारून पुढे सरकून रेषेवर टेकत होता. ज्या पायावर संशय होता तो निर्दोष, आणि ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं तो गुन्हेगार. त्या पंचांकडे पेढे घेऊन गेलो. ते म्हणाले, 'कसले पेढे?' त्यांना मी आठवतसुद्धा नव्हतो.

तेव्हापासून मी सर्व्हिस खालून वर बघतो, आधी बूट आणि शेवटी रॅकेट.

अरे, चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बरं, मूळ विषय.

मार्केट यार्डात हमाल पोतं ट्रकमध्ये कसं टाकतो ते आठवा. तो हाताने उचलतच नाही. गुडघ्यात बसतो, पायांनी जमीन रेटतो, कंबर वर येते आणि पोतं जणू आपणहून चढतं. हात नुसती दिशा देतात. सर्व्हिस तशीच. गुडघे वाकले, पायांनी जमीन ढकलली, तो जोर कमरेत, धडात, खांद्यात आणि सगळ्यात शेवटी मनगटात येतो. अमेरिकेतल्या एका क्रीडावैद्याचं गणित आहे: सर्व्हिसची निम्म्याहून अधिक ऊर्जा पाय, कंबर आणि धड देतात. कमरेकडून आणि धडाकडून येणारी ऊर्जा 20 टक्के घटली, तर हाताला तेवढाच जोर मिळवायला खांद्याला 34 टक्के अधिक वेगाने फिरावं लागतं. चौदा वर्षांच्या पोराचा खांदा का दुखतो, याचं एक उत्तर इथे आहे. बाम लावून गुडघे वाकत नाहीत.

पाय रेटल्याचा दुसरा फायदा पाठीमागे होतो. शरीर वर उसळतं तेव्हा रॅकेट मागे राहते, पाठीमागे खोल पडते. 'रॅकेट खाली पाड' असं ओरडून ती पडत नाही. मी दहा वर्षं ओरडलो आहे.

आता पाय ओढायचा की नाही? फेडरर, जोकोविच, सॅम्प्रस दोन्ही पाय आपापल्या जागी ठेवून उसळतात, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. सेरेना, शारापोव्हा, मरे मागचा पाय पुढच्याला आणून भिडवतात, ते पिनपॉइंट. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात जमिनीवरचा जोर मोजून बघितला, तेव्हा पाय जवळ आणणाऱ्यांना वरच्या दिशेने जोर जास्त मिळाला, पाय मागे ठेवणाऱ्यांना पुढच्या दिशेने. माझं मत: लहान मुलांना आधी प्लॅटफॉर्म. ओढणारा पाय तोल घालवतो, कंबर वेळेआधीच नेटकडे वळवतो आणि चुन्यात जातो. मी साक्षीदार आहे.

उंचीचं काय, हे कोणीतरी विचारणारच. 2019 मध्ये पुण्यात बालेवाडीला केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांचा अंतिम सामना झाला, 203 सेंटिमीटर विरुद्ध 211, तिन्ही सेट 6-6 अशा बरोबरीनंतर टायब्रेकला. तो बघून अर्धे पालक दूध वाढवायला लागले. गणित असं: नेट मधे 91.4 सेंटिमीटर, तिथून सर्व्हिस बॉक्सची, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकटीची, मागची रेषा 6.40 मीटर. गुरुत्वाकर्षण आणि फिरकी बाजूला ठेवली तर बेसलाइनच्या मधल्या खुणेजवळून सरळ रेषेत मारलेला चेंडू बॉक्समध्ये पडायला तो सुमारे 2.6 मीटर उंचीवर मारावा लागतो. पाच फुटी पोराचा हात तिथे पोहोचत नाही. पायांनी मिळालेली प्रत्येक वीत आणि चेंडूवरची फिरकी, एवढंच त्याच्याकडे आहे. आणि फिरकीसाठी रॅकेट खालून वर यावी लागते, म्हणजे पुन्हा पायच.

साधारण 1960 पर्यंत चेंडू मारेपर्यंत एक पाय जमिनीवर ठेवणं नियमानेच भाग होतं. म्हणून जुन्या चित्रफितींत मागचा पाय पुढे फिरून कोर्टात पहिला टेकतो आणि माणूस तसाच नेटकडे चालू लागतो. आजचा उजखुरा डाव्या पायावर उतरतो, उजवा मागे उंच जातो. तुमचं मूल कुठल्या पायावर उतरतं, सांगू शकाल? कोणीच नाही? बघा.

दिवा लुकलुकतोय, म्हणजे सभागृह बंद करायचंय. मोबाइल बेसलाइनच्या बाजूला, दहा पावलं लांब, गुडघ्याच्या उंचीवर धरा, एवढं केलंत तरी पुरे. चहा खाली आहे, पण बूट घालून आलेल्यांनी आधी दोन नंबरच्या कोर्टावर या. आज संध्याकाळी चुना मारायला सांगितलाय, अजून ओला असेल.