खिशाला न कळणारा चाकू

(दृश्य : स्वयंपाकाच्या ओट्यावरचा छोटा डिजिटल काटा. एक काळा चाकू ठेवला जातो. आकडा थरथरतो, थांबतो.)

१८६ ग्रॅम.

हा माझा पहिला घडीचा चाकू. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवला. मूठ काळी, पातं काळं, अर्ध्या पात्याला करवतीचे दात आणि मुठीच्या टोकाला मोटारीची काच फोडायचा खिळा. आजवर मी एकही काच फोडलेली नाही. खिशात घातला की पँट एका बाजूला ओघळायची, स्कूटरवर बसलं की मांडीला टोचायचा. आठव्या दिवशी तो कपाटात गेला.

(दृश्य : त्याच काट्यावर दुसरा चाकू. लाकडी मूठ, मानेला लोखंडी कडं.)

४७ ग्रॅम. हा रोज बरोबर असतो. खिशात आहे हे कधी कधी विसरायला होतं, आणि कपडे धुवायला टाकताना घरच्यांची बोलणी खावी लागतात.

(दृश्य : बेळगावची सकाळ. भाजीचे टेम्पो, पोत्यांच्या थप्प्या. जवळून : पोत्याच्या शिवणीखाली शिरणारं पातं.)

चाकू रोज लागतो कशाला, असं शहरातले मित्र विचारतात. हे बघा की. खताच्या पोत्याची शिवण. वैरणीच्या भाऱ्याची दोरी. ठिबकची नळी, जी दाताखाली धरून तोडू नये आणि सगळे तोडतात. पेरवाची फोड. पाहुण्यांसाठी घेतलेल्या कुंद्याच्या डब्याची सुतळी. यातल्या एकाही कामाला १८६ ग्रॅम लागत नाहीत. बहुतेक कामांना तर बोटभर पातं पुरतं.

(दृश्य : किर्लोस्कर रोड, दुकानांच्या पाट्या, गर्दी.)

पात्याचं आणि या गावाचं नातं जुनं आहे. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढं त्यांच्या कारखान्यात जी पहिली यंत्रं तयार झाली, त्यात लोखंडी नांगराबरोबर कडबा कापायचं यंत्र होतं. कडबा कापायचं यंत्र म्हणजे काय, तर फिरणारं पातं आणि त्याला जपणारा माणूस. १९१० नंतर कारखाना कुंडलला गेला. रस्ता राहिला.

(दृश्य : खडेबाजार. लाल कापडावर मांडलेले पंधरा-वीस चाकू. दुकानदाराचे हात.)

दुकानदार भाव मराठीत सांगतात, शेजारच्या गिऱ्हाइकाला कन्नडात "नोड्री" म्हणून माल दाखवतात आणि फोनवर हिंदीत भांडतात. त्यांनी एकामागून एक चाकू उघडून दाखवले. आवाज ऐका.

(आवाज : खट्ट. खट्ट. टक्. मग एक मऊ, जवळजवळ न ऐकू येणारा.)

पहिले दोन खटक्याचे. पातं पूर्ण उघडलं की मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून त्याच्या बुडाशी बसते. ती बाजूला ढकलल्याशिवाय पातं मिटत नाही. टक् वाजला तो पाठीवरच्या खटक्याचा. अमेरिकेतल्या बक कंपनीनं १९६४ साली याच तऱ्हेचा ११० नंबरचा चाकू काढला आणि तो जगभर गेला, पण तो शिकाऱ्याचा. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. शेवटचा, मऊ आवाजाचा, त्याला खटकाच नाही. नुसत्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, जोरावर पातं उघडं राहतं. स्विस चाकू बहुतेक याच जातीचे. लाल मुठीचा तो मूळचा अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ सालचा, आणि त्याच घराण्यातला सगळ्यात लहान, ५८ मिलिमीटरचा, कात्रीसकट जेमतेम २१ ग्रॅम भरतो. किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो. आमच्या घरात माझ्यापेक्षा माझी आई तो जास्त वापरते, गोळ्यांची पाकिटं फोडायला.

खटका हवा की नको? टोचायचं, दाबायचं काम असेल तर हवा. माझ्या त्या काळ्या चाकूचा खटका पोत्याची शिवण उसवताना घसरला. तर्जनीला तीन टाके पडले. पुढं जाऊ.

(दृश्य : दुकानदार अंगठ्यानं पात्याच्या पाठीवर दाब देतात, बाकीची बोटं बाहेर.)

हे नीट पाहा, कारण हे ऑनलाइन करता येत नाही. पातं उघडायचं, चारी बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर काढायची आणि पाठीवर हळूहळू दाबायचं. खटका हलला तर चाकू खाली ठेवायचा, कितीही देखणा असला तरी. मग पात्याचं टोक धरून डावं-उजवं हलवायचं. खुळखुळ नको. मिटल्यावर आत डोकावायचं : पातं मधोमध बसलंय का, की एका भिंतीला घासतंय? घासत असेल तर दर मिटण्याला धार जाणार.

आणि एका हातानं उघडतो का, हेही. कारण दुसऱ्या हातात दावं असतं, किंवा फांदी. पात्याला गोल भोक पाडून अंगठ्यानं उघडायची सोय आणि खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप, या दोन्ही गोष्टी स्पायडर्को या अमेरिकी कंपनीच्या चाकूवर १९८१ साली एकत्र आल्या. क्लिप जीन्सला झकास. आमच्याकडच्या बंडीच्या खिशाला मात्र ती अडकवली की खिसाच खाली येतो. तिथं वजनच कमी हवं, दुसरा उपाय नाही. त्याच देशातला बगआउट नावाचा एक चाकू आहे, २०१७ सालचा, सव्वातीन इंची पात्यासकट ५२ ग्रॅम. किमतीचं बोलणं नको.

(दृश्य : उद्यमबागेतलं वर्कशॉप. लेथचा आवाज. व्हर्निअरच्या जबड्यात आधी काळ्या चाकूचं पातं, मग लाकडी मुठीच्या चाकूचं.)

उद्यमबागेतल्या माझ्या मित्राला पोलादाचं कळतं. त्यानं ग्रेड विचारलीच नाही. व्हर्निअर लावलं, जाडी मोजली. काळं पातं : ३.८ मिलिमीटर. लाकडी मुठीचं : दोनच्या आत.

"झालं की," म्हणाला. "ह्यानं बटाटा फुटणार, त्यानं चिरणार."

पोलादाचे नंबर, कडकपणाचे आकडे यांवर लोक तासन्‌तास घालवतात, मीही घालवलेत. पण पातं जाड असेल तर कितीही भारी पोलाद पाचरीसारखंच वागतं. कापतो तो पातळपणा. हलकेपणाही त्यातूनच येतो. पोलादात निवडायचं एवढंच : गंज चालतो की नाही. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पोलादावर एक न दिसणारा थर धरतो आणि गंज थोपतो. साध्या कार्बन पोलादाला तो थर नाही. त्या बदल्यात ते सहाणेवर पटकन धरतं. कैरी कापली की निळं-करडं होतं, आणि तो रंग मला आवडतो. ज्यांना तेल लावायचा कंटाळा आहे त्यांनी स्टेनलेस घ्यावं, वाईट काही नाही.

(दृश्य : खानापूरच्या वाटेवरचं गाव. पत्र्याच्या छपराखाली भट्टी. हातानं फिरवायचा पंखा. ठिणग्या.)

इथं थोडं थांबू या.

लोहारमामांना मी कागदावर पातं काढून दिलं : सात सेंटिमीटर, पातळ, पाठ सरळ. त्यांनी कागद पाहिला आणि चुलत्याला विड्या पेटवायला दिला. मग कोपऱ्यातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा काढला. बांधकामाच्या सळईचं लोखंड चालत नाही. त्यात कार्बन कमी, ते पाणी धरत नाही, म्हणजे तापवून बुडवलं तरी कडक होत नाही. पाट्यात शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त कार्बन असतो, तेवढा पुरतो.

(दृश्य : सांडशीत लाल तुकडा. घणाचे घाव. तुकडा लांबतो, पातळ होतो. नुसता आवाज, निवेदन नाही.)

आता रंग बघा. जास्वंदीच्या पुढं, केशरीच्या अलीकडं. मामा मध्येच पातं काढतात आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ नेतात. चिकटलं : परत भट्टीत. पुन्हा नेतात. या खेपेला चुंबक ओळखच देत नाही. लोखंड साधारण ७७० अंशांच्या पुढं तापलं की चुंबकाला धरत नाही. मामांकडं तापमापक नाही, हे आहे. त्यानंतर आणखी चार श्वास, आणि तेलात.

(आवाज : चर्रर्र. धूर पडदा भरून टाकतो.)

याला म्हणायचं "पाणी देणं". डब्यात पाणी नव्हतं, इंजिनचं जुनं ऑइल होतं, तरी शब्द तोच. पाण्यात बुडवलं असतं तर एवढं पातळ पातं तडकायची भीती. बाहेर आल्यावर मामांनी त्यावर कानस ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे पाणी चढलं. पण असं पातं दगडावर पडलं तर बांगडीसारखं फुटेल. म्हणून एक बाजू घासून पांढरी केली आणि निखाऱ्यांच्या कडेला पुन्हा हळू तापवली. पांढऱ्या पोलादावर रंग चढत येतो, आधी काहीच नाही, मग वाळल्या गवतासारखा पिवळा. तिथं थांबायचं. निळ्यापर्यंत गेलं तर धार टिकत नाही. हा सगळा खेळ दोन-तीनशे अंशांच्या आतला आहे, आणि तो माणूस डोळ्यांनी खेळतो.

"मूठ तुझी तू बसव," म्हणाले.

शिसवीची मूठ मी बसवली, पितळी वायसर आणि खिळा उद्यमबागेतल्या मित्रानं. खटका नाही, खिळ्याच्या दाबावर पातं राहतं. वजन ६१ ग्रॅम. मामांनी पैसे सांगितले त्याच्या दुप्पट द्यायला हवे होते. मुलगा गोव्यात कंपनीत आहे. भट्टी आता आठवड्यातून दोन दिवस पेटते.

(दृश्य : ओली सहाण. पातं गोल नाही, सरळ, एका कोनात सरकतं. जवळून : धारेवर उभी राहिलेली बारीक झालर.)

धार लावायला पंधरा ते वीस अंश, दर बाजूला. कोन मोजायची गरज नाही. पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतकी उचलली की जवळपास बसतो. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला नखाला बारीक झालर लागेपर्यंत. लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागं ठेवून, आठ-दहा ओढ. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापला की कळतं. कागद फाटला तर परत सहाण. ज्याला हे वीस मिनिटांचं काम येतं त्याला महाग पोलाद लागत नाही, असं माझं मत आहे, आणि दुकानदारांना ते आवडलेलं नाही.

कायद्याचं सांगायला हवं. शिनोळीजवळच्या राज्यांच्या हद्दीच्या अलीकडं काय आणि पलीकडं काय, शस्त्र कायदा केंद्राचा, १९५९ सालचा. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र धरलंय, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं सोडून. आपला चाकू त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी जमावबंदीचा हुकूम असताना, कोर्टात, मिरवणुकीत तो घरीच ठेवावा. सांबऱ्याहून विमानानं जाताना तो हातातल्या पिशवीत चालत नाही. बटण दाबलं की झटक्यात उघडणारा चाकू तर घेऊच नका.

(दृश्य : पाऊस. तालुक्याच्या पश्चिमेचा लाल मातीचा माळ. रताळ्याचे वेल, वाकलेल्या बायका, डोक्यावर इरली आणि प्लास्टिक.)

जुलैमध्ये या भागात रताळ्याची लावण. वेलाचे वीतभर तुकडे करून सरीत खुपसायचे. आम्ही चाकूची परीक्षा घ्यायला इथं आलो, आणि माझ्या ४७ ग्रॅमवाल्यानं लाज काढली. तो उघडेचना.

हा ओपिनेल. फ्रान्समधल्या सावोय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० साली केलेला. मानेवरचं फिरतं कडं, जे पातं अडवून धरतं, ते १९५५ सालचं. मापांना नंबर आहेत. माझा आठवा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. खिशाला सहावाही पुरतो. लाकूड, पातं, खिळा, दोन कडी, बास. हलका आहे तो म्हणूनच. पण लाकूड पावसात फुगतं, आणि फुगलं की पात्याला आवळतं. सावोयातले लोक मुठीचं बूड टणक जागी ठोकतात, पात्याची टाच वर येते आणि मग चिमटीत धरून ओढता येते. मी बांधावरच्या दगडावर ठोकलं. दोनदा. तिसऱ्यांदा उघडला.

शेजारच्या मावशी विळा खाली न ठेवता बघत होत्या.

"दे बघू."

(दृश्य : मावशींच्या हातात चाकू. वेलाचा तुकडा. कप्. आणखी एक. कप्.)

पातळ पातं वेलातून गेलं तसं त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग सगळी सरी संपेपर्यंत परत दिलाच नाही. विळा काखेत, चाकू हातात.

"चांगला आहे," म्हणाल्या. "पण विळा ठोकून उघडावा लागत नाही."

परत मिळाला तेव्हा पात्यावर वेलाचा पांढरा चीक होता. हा चीक वाळला की काळा आणि चिकट होतो, खिळ्यात शिरला तर मिटायचाही नाही. कॅमेरावाल्याला म्हटलं, शूट राहू दे, आधी फडकं आण.

(दृश्य : कॅमेरा जमिनीकडं वळतो. लाल चिखल, कापलेले वेल. काळोख.)