दहा महिने एकाच धक्क्याला
(नेदरलँड्समधील आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो,

'मर्सी शिप्स' या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजावर मी इंजिनरूममध्ये स्वयंसेवक म्हणून राहून आलो, त्याविषयी चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने सुचवले, त्याबद्दल मी आभारी आहे. या संस्थेचे 'ग्लोबल मर्सी' हे नवे जहाज २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या रॉटरडॅम बंदरात उभे होते, तेव्हा आपल्यापैकी काहींनी ते पाहिले असेल. मी व्यवसायाने जहाजावरचा अभियंता आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे शस्त्रक्रियांविषयी मी सांगेन ते कानावर पडलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एवढेच असेल, पण जहाज कसे चालते आणि ते कशासाठी उपयोगी पडते, याविषयी थोडे अधिकाराने बोलू शकेन.

मिशनचे जहाज किनाऱ्या-किनाऱ्याने हिंडते, असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुनी मुंबई-पणजी बोट येते. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती जायची. जिथे धक्का नसे, तिथे उतारू पडावात उतरायचे आणि तासाभरात बोट पुढे निघायची. रुग्णालय-जहाजही तसेच आज या गावी, उद्या त्या गावी औषधे वाटत फिरत असेल, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीमुळेच मला या कामाविषयी फारशी आस्था नव्हती. प्रत्यक्षात हे जहाज एका बंदरात सुमारे दहा महिने ठाण मांडून बसते, आणि त्याच्या कामाचा सारा अर्थ त्या थांबण्यात आहे, असे माझे आता मत झाले आहे.

पश्चिम आफ्रिकेतील पावसाळा आपल्या कोकणासारखाच जूनपासून कोसळतो. त्या दिवसांत जहाज दुरुस्तीसाठी निघून जाते आणि साधारण ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात त्या सुमारास, नवा हंगाम सुरू करते. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लोबल मर्सी सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन येथे दाखल झाले. संस्थेचे दुसरे जहाज 'आफ्रिका मर्सी' २०२४ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदरात पुन्हा कामाला लागले. जहाज येण्याच्या कितीतरी आधीपासून संस्थेची माणसे देशाच्या अंतर्भागात जाऊन रुग्णांची तपासणी करतात, आणि शस्त्रक्रियांचे वेळापत्रक हंगामाच्या शेवटाकडून मागे मोजत आखले जाते. वाकड्या पायांच्या मुलांच्या शस्त्रक्रिया हंगामाच्या आरंभीच उरकतात, कारण हाड कापून सरळ केल्यानंतर प्लास्टर, मग व्यायाम, मग पुन्हा चालायला शिकणे, यात महिनेच्या महिने जातात आणि जहाजाने नांगर उचलण्यापूर्वी ते सारे पुरे व्हावे लागते. भाजल्याच्या व्रणांनी आखडलेले हात, जबड्यावर वाढलेल्या गाठी, दुभंगलेले ओठ, बाळंतपणात झालेल्या इजेमुळे सतत लघवी झिरपत असलेल्या स्त्रिया, पिकून पांढरे झालेले मोतीबिंदू, या प्रत्येकाला बरे होण्याचा आपला काळ लागतो. ज्यांना खाटेची गरज उरलेली नाही, पण घरी पाठवण्यासारखी प्रकृतीही नाही, अशांसाठी किनाऱ्यावर वेगळी निवासाची सोय केलेली असते. तासाभराच्या बोटीला यातले काय जमणार होते?

२०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने असा हिशेब मांडला की जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडण्याजोगी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, आणि ही उणीव भरून काढायची तर दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने आजवर केलेल्या शस्त्रक्रिया एक लाखाहून अधिक आहेत. पण १४ कोटींच्या त्या आकड्यापुढे हे काम किती लहान आहे, हेही लक्षात असू द्यावे.

संस्थेचे संस्थापक डॉन आणि डेऑन स्टीव्हन्स यांनी पहिले जहाज घेतले, त्याचा आपल्याशी एक धागा आहे. लॉइड त्रिएस्तिनो कंपनीचे 'व्हिक्टोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज १९५३ पासून इटली, सुएझ, कराची, मुंबई आणि पुढे हाँगकाँग अशा मार्गावर ये-जा करत असे. विमानप्रवास सामान्यांच्या आवाक्यात नव्हता त्या काळात युरोपात शिकायला जाणारे कितीतरी भारतीय विद्यार्थी अशाच इटालियन जहाजांनी गेले. आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी कोणाच्या वडिलांनी किंवा काकांनी बॅलार्ड पिअरवरून त्याच जहाजात पाऊल ठेवले असेल, तर मला नवल वाटणार नाही. तेच जहाज १९७८ मध्ये भंगाराच्या भावात, दहा लाख डॉलरला, विकत घेऊन त्याचे 'अनास्तासिस' हे रुग्णालय-जहाज करण्यात आले, आणि २००७ मध्ये ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडले गेले. आफ्रिका मर्सीही मुळात डेन्मार्कची रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरीबोट होती. ग्लोबल मर्सी मात्र रुग्णालय म्हणूनच चीनमधील तिआंजिन येथे बांधले गेले: लांबी १७४ मीटर, १२ डेक, ६ शस्त्रक्रियागृहे आणि १९९ खाटा.

आता इंजिनरूमविषयी. मालवाहू जहाज धक्क्याला लागले की इंजिनियरला शक्य तितक्या लवकर निघायचे वेध लागतात. इथे मुख्य काम धक्क्यालाच असते. शहराच्या विजेवर शस्त्रक्रियागृह चालवता येत नाही, म्हणून जहाजाचे जनरेटर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात, आणि समुद्रात पूर्ण ताकदीने धावण्यासाठी बांधलेली डिझेल इंजिने महिनोन्‌महिने अर्ध्यामुर्ध्या भारावर चालवली की त्यांत काजळी साठते. त्यामुळे किती इंजिने चालवायची, कोणते कधी बंद करून उघडायचे, हे ठरवणे म्हणजे रोजचीच डोकेदुखी असते. शिवाय बंदरातले पाणी. इंजिने आणि वातानुकूलन यंत्रणा थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत ओढले जाते, ते आधी एका जाळीच्या टोपलीतून गाळून घ्यावे लागते. पश्चिम आफ्रिकेत पिण्याचे पाणी अर्ध्या लिटरच्या बंद प्लास्टिक पिशव्यांतून विकतात, आणि रिकाम्या पिशव्या शेवटी बंदरात येतात. वॉचवर असताना झडप बंद करून, झाकणाचे बोल्ट सैल करून ती टोपली वर ओढावी, तर तळाशी अशा पिशव्यांचा चिखलात कालवलेला गठ्ठा, त्यात दोरीचे तुकडे आणि एखादा जिवंत खेकडा. टोपली वेळेवर साफ झाली नाही तर पाण्याचा दाब उतरतो, मग वातानुकूलनाचे कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतात आणि काही डेक वर, शस्त्रक्रियेचे जाड कपडे चढवून उभ्या असलेल्या शल्यविशारदाच्या कपाळावर घाम येऊ लागतो. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हर्मॅटनचा कोरडा वारा सुटतो, तेव्हा हवेच्या फिल्टरवर पिठासारखी बारीक धूळ बसते आणि ते धुण्यात पाळीच्या पाळी जाते. असल्या कामाची छायाचित्रे कोणी काढत नाही, आणि काढावीत असेही नाही. पण या जहाजावरील शेकडो स्वयंसेवकांपैकी बरेच जण अशाच कामांना लागलेले असतात. धुलाईखाना, भटारखाना, स्वयंसेवकांच्या मुलांची शाळा, कोठार, सुतारकाम, गँगवेवरचा, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यावरचा पहारा. पहाऱ्याला नेपाळी गुरखे असत. त्यांच्याशी हिंदीत दोन वाक्ये बोलण्यासाठी मी मुद्दाम तिकडून जात असे.

इंजिनरूमच्या माणसाचा रुग्णांशी संबंध येतो तो रक्ताच्या निमित्ताने. जहाजावर रक्ताचा मोठा साठा ठेवत नाहीत. स्वयंसेवकांचे रक्तगट आणि तपासण्या आधीच करून ठेवलेल्या असतात आणि गरज पडेल तसे दात्याला बोलावून घेतात. मला असे बोलावणे आले, तेव्हा मी हात स्वच्छ धुऊन, तेलाचे डाग असलेला बॉयलर सूट बदलून रुग्णालयाच्या डेकवर गेलो. रक्त कोणासाठी आहे ते मी विचारले नाही. परिचारिकेनेच सांगितले की जबड्यावरची गाठ काढायची आहे, रक्तस्राव बराच होतो. काम संपवून ती पिशवी हातात घेऊन लगेच आत निघून गेली.

आता ज्या प्रश्नाची कुजबूज मघाशी चहाच्या वेळी माझ्या कानावर आली, तो प्रश्न: हे लोक धर्मांतर करतात का? प्रश्न गैर नाही, आणि तो टाळावा असेही मला वाटत नाही. संस्था उघडपणे ख्रिस्ती आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी प्रार्थना म्हणणारे अनेक जण असतात, रविवारी उपासना असते, आणि येशूच्या आदर्शानुसार आजाऱ्यांची सेवा करणे हेच आपले प्रयोजन असल्याचे संस्था लपवत नाही. सिएरा लिओनची तीन चतुर्थांशांहून अधिक प्रजा मुसलमान आहे, आणि वॉर्डात बुरखा घेतलेल्या आया व जपमाळ ओढणारे म्हातारे मी पाहिले आहेत. उपचाराच्या बदल्यात कोणाकडून काही कबूल करून घेतल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. मी हिंदू आहे हे सर्वांना ठाऊक होते. प्रार्थनेच्या वेळी मी शांत उभा राही, त्यापलीकडे कोणी माझ्याकडून अपेक्षा केली नाही. तरीही असहाय रुग्णापुढे आपला धर्म कितपत बोलून दाखवावा, याविषयी जहाजावरही मतभेद असतात आणि ते असणेच योग्य आहे. आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हाही लोकांना शंका होत्या; पुढे त्याच मिरजेला दूरदूरचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी जाऊ लागले आणि बहुतेक जण आपापला धर्म घेऊनच घरी परतले.

मिरजेचे उदाहरण मी जहाजाच्या विरोधातही वापरेन. रुग्णालय जागचे हलत नाही, जहाज हलू शकते. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा आफ्रिका मर्सीने त्या भागात जाण्याचा बेत बदलून मादागास्कर गाठले. तांत्रिक दृष्टीने तो निर्णय बरोबर होता, कारण बंदिस्त हवेच्या, दाटीवाटीच्या जहाजात असा संसर्ग शिरला तर तो आवरणे कठीण. पण संकट ऐन भरात असताना तिथे राहिले ते स्थानिक डॉक्टर आणि परिचारिका, आणि त्यांतले कित्येक जण त्या साथीत गेले. म्हणून मला या संस्थेच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग शस्त्रक्रियांपेक्षा प्रशिक्षणाचा वाटतो. मादागास्करमध्ये तिच्या पथकांनी बंदर सोडून देशभरातील रुग्णालयांत जाऊन, शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासायच्या बाबींची जागतिक आरोग्य संघटनेची यादी वापरायला तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवले. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारे स्थानिक तंत्रज्ञ तयार करण्याचेही काम चालते, आणि इंजिनियर म्हणून मला ते विशेष पटते. दान म्हणून आलेली किती यंत्रे एका फ्यूजसाठी किंवा एका फिल्टरसाठी कोपऱ्यात पडून असतात, हे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. मुंबईतील एका संस्थेने १९९१ मध्ये सुरू केलेली आपली 'जीवनरेखा एक्सप्रेस' ही रुग्णालय-रेल्वेही एका स्थानकावर मुक्काम करून शस्त्रक्रिया करते, आणि गाडी पुढे गेल्यावर रुग्णाकडे कोण पाहणार, हा प्रश्न तिलाही सुटलेला नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पगार मिळत नाही. विमानभाडे, विमा आणि लसीकरण ज्याचे त्याने पाहायचे, आणि जहाजावरील राहण्या-जेवणाचा भारही स्वयंसेवकांनीच उचलण्याची रीत पूर्वी होती. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र नसेल तर सिएरा लिओनमध्ये प्रवेश मिळत नाही. डेकवर किंवा इंजिनरूममध्ये काम करायचे असेल तर नाविकाची रीतसर प्रमाणपत्रे लागतात. स्वयंपाकी, शिक्षक, विद्युततंत्री, केस कापणारे आणि कोठारपाल यांना आपापल्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. केबिन लहान असते आणि ती बहुधा इतरांबरोबर वाटून घ्यावी लागते. बोट लागण्याची भीती मात्र सोडून द्या, कारण हंगामभर जहाज दोरखंडांनी धक्क्याला बांधलेले असते. परिचारिकांना काही आठवड्यांसाठीही घेतात, पण इतर कामांसाठी दोन-तीन महिने देऊ शकणाऱ्यांना प्राधान्य मिळते, कारण नव्या माणसाला काम शिकवण्यातच पहिले आठवडे जातात. ऑगस्टचा हंगाम धरायचा असेल तर आधीच्या हिवाळ्यातच अर्ज करावा. आपल्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी व्हिसासाठी वेगळा वेळ हाताशी ठेवावा आणि नेदरलँड्सचा निवासपरवाना परतीच्या तारखेपर्यंत वैध आहे ना, हे अर्ज भरण्याआधीच तपासून घ्यावे.